सव्वा मूठ आणि एवढीशी बाटली

…आणि वर मलाच म्हणतात, पोरीच्या जातीनं असलं काही बोलू नये! अहो, मी बोलले काय? शिवी दिली? कुणाचा बाप काढला? मी एक बाटली मागितली. एवढीशी बाटली! ही बघा, करंगळीएवढी, रबरी बुचाची, वर चिकटपट्टीवर नाव लिहायचं आणि तासाभरात लॅबमध्ये नेऊन द्यायची, संपलं. सात वर्षं आमच्या वहिनीच्या दंडात सुया टोचल्या, पोटात औषध सोडून फोटो काढले, दोनदा भूल दिली, पद्मालयाच्या गणपतीला अनवाणी चालवत नेली, सोळा सोमवार झाले, एकवीस मंगळवार झाले, कुठल्याशा बाबाची राख पाण्यातून पाजली… आणि भावाकडे मागितलं काय? एवढीशी बाटली! तर घरात असा गोंधळ, जसं काही मी त्याची मान मागितली.

तुम्हाला सांगते, हे सगळं सुरू झालं कानबाईच्या गव्हापासून.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर दागिने, रात्रभर गाणी आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर. तिच्या नैवेद्याचे रोट करतात, आणि त्या रोटांचा गहू कसा घ्यायचा? वजनानं नाही. घरातल्या पुरुषांच्या नावानं! एका पुरुषामागे सव्वा मूठ. म्हणजे एक भरलेली मूठ आणि वर चिमूट. पाळण्यातला पोरगा असला तरी त्याची सव्वा मूठ. पण बाई ऐंशी वर्षांची असो, आयुष्यभर तेच गहू निवडलेली असो, दळलेली असो, तिची मूठ नाही. का नाही? तर नाही! विचारायचं नाही!

वडील गेल्यापासून आमच्या घरात शब्द झुलालनानांचा. नाना म्हणजे माझे मोठे काका. गाव आमचं एरंडोलजवळ, पण मी, भाऊ, वहिनी आणि माय जळगावला राहायचो, कारण भाऊ तिथं एमआयडीसीत कामाला आणि मी तिथं केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. एकोणनव्वद सालची कानबाई. नाना सूप पुढे घेऊन बसलेले, अख्खी भाऊबंदकी भोवती, आणि नाना मोठ्यानं नावं घेत मुठी टाकताहेत. याची एक, त्याची एक, त्याच्या तीन पोरांच्या तीन… आणि मग, "कौतिक… एक." आणि थांबले! मूठ सुपावर तशीच अधांतरी धरून थांबले हो! कौतिक म्हणजे माझा भाऊ. आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथं कमलवहिनी चण्याची डाळ वाटत बसली होती.

"सात वरीस व्हयनात," नाना म्हणाले. "सात वरीस एकच मूठ टाकी राह्यनू. कमलमा काहीतरी खोट शे. चोपड्याकडली एक पोर मी देखी ठेयेल शे. वैशाखमा बार उडाई दिऊ."

मी म्हटलं, "नाना, एक बायको असताना दुसरी करणं कायद्यानं गुन्हा आहे."

"कायदा जळगावमा ऱ्हास," नाना म्हणाले, "गावमा नही ऱ्हास."

मी म्हटलं, "बरं, वहिनीचे सगळे रिपोर्ट चांगले आलेत. भाऊला एकदा तपासलं का कुणी?"

तुम्हाला सांगते, कानबाईच्या नथीतला मोतीसुद्धा हलायचा थांबला असेल! मग नाना म्हणाले, "माणूसले कसाले तपासनं? तो काय बैल शे का?"

आता हे नाना! जे बाजारात बैल घेताना त्याचे दात मोजतात, शेपूट उचलून बघतात, चार पावलं चालवून बघतात, मग पुन्हा चार पावलं उलटी चालवून बघतात! पण माणसाला तपासायचं नाही. बैलाला तपासायचं आणि बाईला तपासायचं. मी हे तिथंच म्हणाले. तेव्हा मायनं मला दंडाला धरून आत ओढलं.

आत वहिनी डाळ वाटत होती. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "नीमाताई, वैशाखाला किती महिने राहिले?"

मी बोटं मोजली. आठ. आणि त्या क्षणी ठरवलं, की या आठ महिन्यांत मी भावाला लॅबमध्ये नेणार. हाताला धरून, कानाला धरून, कसाही. नेणार म्हणजे नेणार!

आता माझा भाऊ काय काम करायचा ते ऐका, कारण सगळी गोम तिथं आहे. कारखान्यात मऊ नळी बनते. ती हो, बागेत पाणी घालायची, वाकवली तरी मोडत नाही ती. तर ते प्लास्टिक मुळात मऊ नसतं. पांढरी कडक भुकटी असते. तिच्यात एक तेल घालतात, डीओपी म्हणतात त्याला. पाण्यासारखं स्वच्छ, वास जवळजवळ नाही, हाताला गुळगुळीत. भुकटी आणि तेल मिक्सरमध्ये गरम गरम घुसळायचं, वाफा निघतात, आणि त्या वाफांत उघड्या अंगानं माझा भाऊ उभा. का? तर तो मिक्सरचा मास्तर! माल तयार झाला की नाही हे त्यानं ठरवायचं. कसं? मिक्सरमध्ये हात घालून मूठभर माल उचलायचा आणि आवळायचा. मूठ उघडल्यावर माल भुरभुर सुटला तर तयार, तळहाताला तेल लागलं तर अजून कच्चा. दिवसातून चाळीस मुठी! आठ वर्षं! सव्वा मूठ नाही हो, चाळीस!

आणि एवढ्यावर थांबला असता तर माझा भाऊ कसला? त्याचं डोकं चाललं. म्हणाला, हे तेल कडक भुकटीला मऊ करतं, मग टाचेच्या भेगांना करणार नाही का? लागला टाचांना चोळायला! कोपरांना चोळलं. चपलेला चोळलं. एक बाटली भरून मायला आणली, "माय, गुडघ्यांना लाव, मऊ पडतील." आणि माय लावायला लागली! रोज संध्याकाळी, दिवाबत्ती झाली की डीओपीचं मालिश! वर शेजारणींना सांगायची, "मना गुडघासले कितला गुण पडना माय! आंडोरनी कंपनीमधून आणेल शे!" आंडोर म्हणजे मुलगा.

आणि ड्रम! जळगावला पाणी एक दिवसाआड. तेव्हा कंपनीतला रिकामा तेलाचा ड्रम मिळणं म्हणजे केवढा मान. भावानं तो दोनदा राखेनं घासला आणि मोरीत उभा केला. त्यातलं पाणी आम्ही वापरायचो, भांडी घासायला, आंघोळीला… आणि कधी कधी, आता काय सांगू, प्यायलासुद्धा. केमिस्ट्रीची विद्यार्थिनी! मी! त्या ड्रममधलं पाणी पिऊन कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकायला जात होते! हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

पण भावाची तब्येत बघून हसू यायचं नाही. बारा महिने सर्दी. एक गळू बसलं की दुसरं तयार, मानेवर, काखेत, मांडीवर. बोटाला खिळा लागला तर महिनाभर चिघळत राहायचं. कंपनीत कुणाला ताप आला की पहिला आमच्या घरी. मायचं ठरलेलं, "त्याले नजर लागनी." अहो, नजर लागायला त्याच्याकडे होतं काय? गळवं?

खरी गोष्ट शोधली ती मी नाही, वहिनीनं आणि जरीनाभाभीनं. जरीनाभाभी म्हणजे अय्युबभाईंची बायको, आणि अय्युबभाई म्हणजे दुसऱ्या पाळीचे मिक्सर मास्तर. दोघी एक दिवस आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. वहिनीनं पद्मालयाचं सांगितलं, भाभीनं दर्ग्याचं सांगितलं. भाभीला नऊ वर्षं झाली होती. मग भाभी सहज म्हणाली, "वो पॅकिंगवाले देखो, कमल. हर घर में चार-चार. उनके बच्चों की तो क्रिकेट टीम है. और अपने मिक्सरवाले?" आणि दोघींनी मोजलं. मिक्सरवर माणसं चार. चौघांत मिळून मूल एक! आणि तेही मिक्सरवर लागायच्या आधीचं!

दोघींच्या हातातली मेथी तशीच राहिली.

तुम्हाला सांगते, मी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीत. आमचे सर म्हणाले, "प्लास्टिकवर वाचायचंय? वा!" मी म्हटलं, डीओपीचा शरीरावर परिणाम. सरांनी तीन दिवसांनी कुठूनसा एका इंग्रजी मासिकातला झेरॉक्स केलेला लेख आणला, आणि टेबलावर उलटा ठेवला. उलटा! म्हणाले, "हे… तू… म्हणजे घरी वाच. त्यात उंदरांच्या… अं… नराच्या… त्या अवयवांविषयी… अं… आकुंचन… वाच तू." आणि चष्मा पुसायला लागले. पन्नाशीचे सर, दोन मुलांचे बाप, आणि उंदराच्या अवयवाला लाजतात!

वाचलं मी. डिक्शनरी घेऊन वाचलं. उंदरांना हे तेल खायला घातलं, भरपूर घातलं हं, तर नरांची बीजं बनवायची जागाच सुकली. माणसाचं काय? तिथं लिहिलेलं, अजून नीट माहीत नाही. खरं सांगते, खोटं नाही, कुणाला नक्की माहीत नव्हतं. पण मला नक्की माहीत कशाला पाहिजे होतं? मला फक्त पाहिजे होती एवढीशी बाटली!

जेवताना काढला विषय. म्हटलं, "भाऊ, उंदरांवर प्रयोग झालाय…" आणि सगळं सांगितलं. भावानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"नीमे, मी काय उंदीर आहे का?"

"नाहीस. उंदीर तपासून तरी घेतो!"

आणि ताटावरून उठून गेला. माय म्हणाली, "तुले लाज नही का वं? भाऊसंगे असं बोलस?" आणि हे बोलताना गुडघ्याला काय चोळत होती? तेच! मी ती बाटली हिसकावली आणि मोरीत ओतली, तर माय अशी रडली, अशी रडली, की शेजारणी गोळा झाल्या. "मना गुडघासनी दुश्मन शे ही पोर!" आणि सगळ्या शेजारणी माझ्याकडे बघताहेत, की एवढी शिकलेली आणि आईच्या गुडघ्यांवर उठली!

मी भावाला सोडलं नाही. सकाळी चहाबरोबर, "भाऊ, बाटली." डबा देताना, "भाऊ, बाटली." दिवाळीच्या अभ्यंगाला पाठीला उटणं लावलं आणि कानात म्हटलं, "भाऊ, बाटली." शेवटी वैतागून म्हणाला, "आण ती तुझी बाटली!" पण तेवढ्यात स्वतःच म्हणाला, "राहू दे, माझ्याकडे आहे."

मला वाटलं, सुधारला! सकाळी बाटली घेतली, गार होऊ द्यायची नाही म्हणून रुमालात गुंडाळून बगलेत धरली, आणि सायकलवर एका हातानं हँडल धरून लॅबमध्ये. रस्त्यात सर भेटले. "काय गं, हात दुखावला का?" मी म्हटलं, "नाही सर, प्रॅक्टिकल." लॅबमधले शालिग्रामभाऊ, सूक्ष्मदर्शकात बघितलं, पुन्हा बघितलं, मान हलवली. "ताई, एकही जिवंत नाही. एक म्हणजे एक हलत नाही."

आता वहिनीला काय सांगू? घरी आले, भावाला कोपऱ्यात घेतलं, आणि का कोण जाणे, सहज विचारलं, "बाटली कुठली होती रे?"

"कंपनीतली. तेलाचा नमुना ठेवतात ती. धुतली होती ना मी!"

तुम्हीच सांगा! तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? ज्या तेलानं घात केला असा संशय, त्याच तेलाच्या बाटलीत माझ्या भावानं… मी डोकं धरलं. वहिनी मात्र पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, हसता हसता रडली. म्हणाली, "अहो, निदान त्यांना तरी सुखानं मरू द्यायचं होतं!" आणि मग भाऊसुद्धा हसला. सात वर्षांत त्या विषयावर ती दोघं पहिल्यांदा एकत्र हसली असतील.

दुसऱ्यांदा बाटली लॅबमधली. रिपोर्ट आला. साठ लाख.

डॉक्टरांनी समजावलं. एवढ्याशा थेंबात दोन कोटी तरी पाहिजेत, आहेत साठ लाख, त्यातले निम्मे आळशी. मी तेलाचं विचारलं. डॉक्टर भला माणूस, म्हणाले, "तेलानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण तेल सोडा. शरीर नवी बीजं बनवायला अडीच-तीन महिने घेतं. तीन महिने दूर राहा, मग पुन्हा तपासू. आणि ही गळवं, ही सर्दी… रोगाशी लढणारी फौजही आत थकलेली दिसते. तिलाही विश्रांती मिळेल."

आता एखाद्यानं दुसऱ्या दिवशी मिक्सर सोडला असता की नाही? माझ्या भावानं नाही! रिपोर्टाची घडी करून ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी. म्हणे, "मास्तर आहे मी. पॅकिंगला जाऊ? लोक विचारतील का गेला, काय सांगू?" लोक! साठ लाख त्याच्या आत मरताहेत, आणि याला बाहेरच्या चाळीस लोकांची काळजी! मी ओरडले, भांडले, वहिनीनं मात्र मोरीतला ड्रम उचलला, एकटीनं घरंगळवत गल्लीच्या टोकाला नेला आणि सोडून आली.

दिवस जात राहिले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष… आणि फाल्गुनात एक दिवस दुपारी एसटीनं नाना हजर! सोबत चोपड्याचे तोताराम पाटील. मुलीचे वडील. हातात केळ्यांच्या दोन फण्या, स्वतःच्या बागेतली, पिवळीधमक. घर बघायला आले होते! आणि वहिनीनं त्यांना पाणी दिलं. ज्या माणसाची मुलगी तिच्या जागी येणार, त्याला तिनं तांब्या-भांडं दिलं, गूळ दिला, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी बघत होते.

मी ट्रंक उघडली. सगळे कपडे बाहेर फेकले. रिपोर्ट घेतला आणि नानांच्या पुढ्यात आपटला.

"नाना, हे वाचा. खोट वहिनीत नाही."

नानांनी कागद लांब धरला. "काय लिखेल शे?"

"साठ लाख!"

नानांचा चेहरा उजळला हो! तोतारामांकडे वळून म्हणाले, "ऐकं का पाटील? साठ लाख!" मग माझ्याकडे, "साठ लाख थोडा शेत का वं? लागस कितला? एकच ना!"

मी म्हटलं, "नाना, दोन कोटी लागतात!" नाना म्हणाले, "दोन कोटी? एवढी तर आपला जिल्हानी वस्ती नही!" माय म्हणाली, "पावनासमोर काय बोली राह्यनी ही पोर!" मी म्हटलं, उंदीर. मी म्हटलं, डीओपी. मी म्हटलं, मूठ. नाना म्हणाले, "तेलघाईन कोनी वांझ व्हस का? तुनी माय दोन वरीस गुडघासले लाई राह्यनी, तिले काय व्हयनं?" अहो, माय साठीची! तिला काय होणार?

माझा आवाज चढलेला, घसा बसलेला, आणि दारात भाऊ. पाळी संपवून आला होता. किती वेळ उभा होता देव जाणे. हात अजून तेलकट, मानेवर गळवाची पट्टी. तो आत आला, चपला काढल्या, तोतारामांना रामराम केला, आणि अगदी हळू म्हणाला,

"पाटील, खोट माझ्यात आहे. कमलमध्ये नाही. मला चार महिन्यांपासून माहीत आहे, मी लपवलं. तुमच्या पोरीला इथं देऊ नका."

माझी सगळी केमिस्ट्री, सगळे उंदीर, सगळी बोंबाबोंब एका बाजूला, आणि ही चार वाक्यं एका बाजूला. आत गॅसवर चहा उतू गेला, तरी वहिनी उठली नाही.

तोताराम पाटील उठले. धोतर झटकलं. नानांना म्हणाले, "झुलालभाऊ, मी मनी आंडेर संसार कराले दी राहिनू, का प्रयोग कराले?" आणि निघाले. दारातून परत आले. मला वाटलं, विचार बदलला! नाही. केळी घेतली आणि गेले!

नाना संध्याकाळच्या एसटीनं गेले. जाताना पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

भाऊ दुसऱ्या दिवशी पॅकिंगला. लोकांनी विचारलं, का? म्हणाला, "बाप व्हायचंय." बस. एवढंच! आणि चौथ्या दिवशी आमच्या दारात अय्युबभाई. सायकल उभी करून, नुसते घंटीशी चाळा करत. मग इकडं तिकडं बघून हळूच, "नीमाबहन… वो बोतल… कहाँ मिलती है?" मी दोन दिल्या. मग चौघं मिळून मालकांकडे गेले. मिक्सरला झाकण पाहिजे, वाफ बाहेर काढायला पंखा पाहिजे, हातमोजे पाहिजेत. मालक म्हणाले, "नळीची तर काही तक्रार नाही!" चौघं खाली बसले. दोन दिवस मिक्सर बंद. शेवटी झाकण आलं, पंखा आला. आणि हातमोजेही आले! कसले होते माहीत आहे? आमच्याच मऊ प्लास्टिकचे! त्याच तेलाचे! म्हणजे तेल हाताला लागू नये म्हणून तेलात हात घालून ठेवायचे! पुन्हा भांडण. मग रबराचे आले.

तीन महिन्यांनी भावानं स्वतः बाटली आणली. लॅबमधली, न मागता! एक कोटी नव्वद लाख. शालिग्रामभाऊ म्हणाले, "ताई, आता पळताहेत." गळवं कमी झाली, सर्दी गेली, निदान गणपतीपर्यंत तरी गेली. तेलामुळे की विश्रांतीमुळे, का ड्रमचं पाणी सुटलं म्हणून, देवाला माहीत. मी शपथ घेणार नाही. पण कार्तिकात वहिनीला कोरडी उलटी झाली, आणि ती उलटी ऐकून आमच्या घरात जेवढा आनंद झाला तेवढा कुणाच्या लग्नात झाला नसेल!

आषाढात मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर हे एवढे केस, आणि आवाज माझा!

आणि सव्वा महिन्याची झाली तेव्हा आली कानबाई.

नाना सूप घेऊन बसले. तेच सूप, तोच गहू, तीच भाऊबंदकी. याची एक, त्याची एक, त्याच्या तीन पोरांच्या तीन… आणि, "कौतिक… एक." आणि पुढच्या नावावर गेले!

मी म्हटलं, "नाना, एकच?"

"मंग? आंडेर व्हयनी ना. आंडेरनी मूठ नही ऱ्हास."

तुम्हाला सांगते, सात वर्षं एकच मूठ, एवढं रामायण झालं, आणि तरी एकच मूठ! वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मांडीवर पोर. मी काही बोलले नाही. हो, मी! मी बोलले नाही. बाहेर ताशा वाजला, सगळे उठून गेले, आणि मी सुपाशी बसले. एक सव्वा मूठ वहिनीची. एक मायची, गुडघ्यांसकट. एक माझी. आणि एक पोरीची, पण ती मी तिच्याच हातानं घेतली. तिच्या एवढ्याशा मुठीत मावले किती? चार दाणे. बाकी मी भरले. गव्हावर हात फिरवला आणि दळायला बसले.

रोट झाले की ते घरच्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आणि रोट संपेनात! दूध, खीर, गिलक्याची भाजी, सगळं सरलं, रोट शिल्लक! माणसं घामाघूम. नाना आठव्या रोटावर होते. ढेकर दिला आणि हात जोडले. "देखं का? मुठी त्याच, आनि रोट वाढी गयात! कानबाईनी करनी!" सगळ्यांनी हात जोडले. मायनंसुद्धा. आणि हात जोडून मला हळूच, "नीमा, ते तेल थोडंसं मिळी का वं? गुडघा पुन्हा आखडनात."

मग नाना भावाकडे वळले. "कौतिक, पुढला वरीस दोन मुठी टाकसू. आंडोर व्हवाले पायजे. नही व्हयना तर…" आणि पुन्हा तीच मान, पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे. "…कमलले एकदाव दखाडी ल्या डाक्टरले."

आता मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे मला माहीत आहे. पुस्तकात चित्रासकट आहे. तोंड उघडलं होतं मी. पण म्हटलं, एक बाटली भरायला या घराला सात वर्षं लागली, हे समजायला अजून सात तरी धरा… मी तोंड मिटलं आणि ताट पुढे केलं.

"वाढा वहिनी, अजून एक रोट वाढा. त्यात माझी सव्वा मूठ आहे."